भिंतीच्या रंगाचा शिपाई

मी तिसरी शिकलो आणि शाळा सोडली. शाळेनंच मला सोडलं असं आमचे थोरले बंधू सांगत, पण ते खोटं आहे. तरीसुद्धा चाळीस वर्षं सांगलीतली शिकलेली माणसं माझ्या हातची अक्षरं वाचत होती. हळदीच्या पेठेतल्या अडत्यांचे बोर्ड, ट्रकांच्या पाठी, कुपवाडच्या कारखान्यांची फाटकं, सगळं माझं. गिऱ्हाईक विचारायचं, पेंटर, लांबून दिसेल ना? मी म्हणायचो, आंधळा सोडून सगळ्यांना दिसेल. लांबून दिसणं हा माझा धंदा.

महिपती शेलार हवालदार माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो न दिसणारा रंग मागायला.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. बुटका, काळा, मिशी कातरलेली, खाकी पँटला सुरीसारखी इस्त्री. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. पेन्शनीत आलेला आणि कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागलेला. मूळ गाव साताऱ्याकडं, पण तिकडं जात नव्हता. बायको लढाईआधीच वारलेली, मूलबाळ नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तो फळीशी आला, रामराम केला आणि म्हणाला,

"पेंटर, मळका रंग मिळंल का?"

"मळका म्हंजे कसला?"

"म्हंजे बघितल्यावर ध्यानात ऱ्हात न्हाई असला."

"असला रंग मी इकत न्हाई. दुकानाला बट्टा लागंल."

"इकू नगा. तुमच्या डब्याच्या तळाला ब्रश धुतल्यालं जे ऱ्हातं, ते द्या."

मी तो डबा दाखवला. त्यात आठ दिवसांचं टरपेंटाइन, त्यात लाल, काळा, पिवळा, सगळे मरून पडलेले. त्यानं काडीनं ढवळून बघितलं, काडी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा असा झाला, की दुसऱ्या कुणाचा चांगल्या सोन्याचा तुकडा बघूनही होणार नाही. मग खिशातून काड्यापेटी काढली. आत कापसावर एक शिपाई झोपलेला होता. शिशाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. बंदूक, शिरस्त्राण, पाठीवरची पिशवी, सगळं होतं. फक्त रंग नव्हता.

"खेळणं हाय व्हय?"

"खेळ हाय," तो म्हणाला. "खेळणं न्हाई."

त्याचे जुने मेजरसाहेब साताऱ्यात बंगला बांधून राहिले होते. त्यांच्या हॉलमध्ये दोन बाजल्यांएवढं टेबल होतं. रविवारी दुपारी चार-पाच पेन्शनर अधिकारी त्या टेबलाभोवती जमायचे आणि असल्या बारक्या शिपायांची लढाई खेळायचे. टेपानं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, कोण कुणाला दिसतो यावर तास तास वाद घालायचा. साचे साहेबांनी विलायतेहून आणलेले. शिसं हवालदार सांगलीच्या छापखान्यांतून घ्यायचा, झिजलेले अक्षरांचे खिळे. ते वितळवून शिपाई ओतायचा आणि रंगवून साताऱ्याला पोचवायचा.

मी म्हणालो, "म्हंजे अक्षरं इतळून माणसं करता तुमी."

"झिजलं की मोडीत. छापखान्यात काय आन पलटणीत काय."

आता मला हा माणूस आवडला असं मी म्हणणार नाही. मला माणसं लवकर आवडत नाहीत. पण त्याचा हात बघितला आणि गप्प झालो. खारीच्या शेपटीचे केस बांधून केलेला ब्रश, टोकाला पाच-सहा केस. शिपाई मेणानं दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर उभा केलेला, म्हणजे रीळ फिरवलं की शिपाई फिरतो, बोट लागत नाही. माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत त्याला जागा दिली. ड्यूटी नसेल तेव्हा तिथं येऊन बसायचा. चहा मात्र उभ्यानं प्यायचा.

हिरवे शिपाई त्यानं आधी पुष्कळ केले होते. आता साहेबांनी टेबलावर शहर बांधायला घेतलं होतं, आणि शहरात लढणाऱ्या शिपायाला कुठला रंग द्यावा याचा शोध त्यानं आपल्या अंगावर घेतला होता. त्याला तो 'क्यामफ्लाज' म्हणायचा आणि हा शब्द उच्चारताना थोडा ताठ व्हायचा. म्हणायचा, "जंगलात पान असतं, पेंटर. शहरात कोपरा असतो. हितं गोल ठिपका दिला की माणूस मेला." म्हणून त्याचे ठिपके चौकोनी, तुटके, एकमेकांत घुसलेले. चुन्याचा पांढरा, धुराचा काळपट, विटेचा लाल, सिमेंटचा करडा. एका बाहीवर सात रंग. आणि जवळून बघितलं तर काहीच नाही, नुसती मळलेली भिंत.

आमचं भांडण झालं ते चमकेवरून. माझा कायदा असा, की वार्निश मारल्याशिवाय काम पुरं होत नाही. तो रंगात खडूची पूड मिसळायचा, चमक मारायला. मला ते बघवत नव्हतं. एकदा म्हणालो, "हवालदार, वरनं एक हात वार्निशचा देऊ का? उठून दिसतील."

"द्या की. आन छातीवर 'हिकडं बघा' आसं बी लिवा. अक्षार तुमचं चांगलं हाय."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नसावं.

रंग तो विकत घेत नव्हता, उतरवून घ्यायचा. खिशात चाकू आणि रिकाम्या काड्यापेट्या. सांगलीत जुनी भिंत दिसली, की खाली उकिडवा बसायचा आणि चुन्याचा पोपडा अलगद सोडवून पेटीत ठेवायचा. मग त्या पोपड्याशी ताडून रंग कालवायचा. एकदा हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्यानं त्याला धरलं. मी शेजारीच बोर्डावर चढलो होतो, म्हणून सगळं ऐकू आलं.

"काय हो, काय खरवडताय?"

"भित, मालक."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"लय चांगली भित हाय तुमची. हळद उडून उडून कशी झालीया बघा. हिच्यापुढं माणूस उभा ऱ्हायला तर सापडणार न्हाई."

व्यापारी घाबरला. "कोण माणूस? कुणाला लपवताय माझ्या भिंतीला?"

मी शिडीवरून ओरडून सांगितलं, की मिलिटरीचा माणूस आहे, सोडा. त्यावर व्यापारी म्हणाला, मिलिटरीचा आहे तर मग आधी सांगायचं, आणि आतून त्याच्यासाठी गुळाचा खडा आणि पाणी मागवलं. हवालदारानं गूळ खाल्ला, पाणी प्यायलं आणि परत खाली बसून उरलेला पोपडा सोडवून घेतला.

गल्लीत चालायचा तो मधोमध. सायकली घंटा वाजवायच्या, रिक्षावाले शिव्या द्यायचे, पण कडेला सरकायचा नाही. भिंती खरवडणारा माणूस भिंतीकडेनं चालत का नाही, हे कोडं मला पडलं होतं. ते सुटलं कृष्णेच्या घाटावर. पुराच्या पाण्यानं दगडावर जी रेघ उठते, तिचा रंग त्याला हवा होता. दुपारची वेळ. काम झाल्यावर तो पायरीवर टेकला आणि मी काही विचारलं नसताना बोलायला लागला. पुन्हा कधी त्यानं ते सांगितलं नाही, म्हणून मला शब्द न् शब्द राहिला.

"माझ्या आक्काचा थोरला ल्योक, दत्तू. म्याच भरती केला. आक्का नगं म्हणत हुती. म्या म्हनलं, माझ्याच सेक्शनात घेतो, डोळ्याम्होरं ऱ्हाईल. आन ऱ्हायला बी. लढाईत त्या एका गावात शिरलो तवा धा जण हुतो. गाव म्हंजे आपल्या सांगलीगत, गल्ल्या, माड्या, चुन्याच्या भिती. दत्तूला एका भितीला लावला आन म्या सांगितलं, हितं चिकटून उभा ऱ्हा, कुणाच्या बापाला दिसत न्हाईस."

नदीवर धुणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. त्यानं काड्यापेटी उघडली, परत मिटली.

"दिसला. अंगात हिरवा कपडा, मागं पांढरी भित. आता माझं म्हणणं काय हाय, त्यो कपड्यापायी दिसला का म्या उभा केल्याल्या जागंपायी दिसला? येवढंच बघायचंय मला. त्याच भितीला, त्याच जागंला शिपाई लपला, तर दोष रंगाचा. रंग काय म्या ठरवला नव्हता."

"आन रंगाचा निघाला तर?"

"तर आक्काच्या दारात जाईन. तवापासनं गेलो न्हाई."

"आन जागंचा निघाला तर?"

त्यानं चाकू धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, आणि ज्या माणसाची इस्त्री मोडलेली मी कधी बघितली नव्हती, त्याच्या पँटवर चुन्याचा फराटा उठला.

त्यानंतर त्याचं काम हे माझंही काम झालं. पडवीत त्यानं एका फळीवर ती गल्ली बांधली. खोक्याच्या लाकडाची घरं, वर खरा चुना. एका बाजूला बिनखिडकीची आंधळी भिंत, समोर दोन माड्या, भिंतीला लागून एक दार. दार उघडं, आत काळोख. शिपाई दहा. नऊ तो कुठंही ठेवायचा, कोपऱ्यात, खिडकीत, पडक्या विटांत. दहावा नेहमी त्या पांढऱ्या भिंतीला, दारापासून एक बोटभर अलीकडं.

फळी स्टुलावर ठेवायची. मी पाठ करून दहा पावलं जायचं, वळायचं आणि शिपाई मोजायचे. बोर्डवाला आपलं काम बघतो तसंच, समोर उभं राहून, रस्त्यापलीकडून. माझ्या नजरेबद्दल मी सांगत नाही, सांगलीला विचारा. अर्ध्या सुताचा तिरपेपणा मला सायकलवरून जाताना कळायचा.

"किती?"

"चार."

तो चार शिपाई उचलायचा, रॉकेलनं पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरानं तीन. मग दोन. पहिल्या वर्षात नऊच्या नऊ लपले. दहावा लपेना. भिंतीला चिकटवलेला तो एक पोरगा मला दर वेळी दिसायचा. कधी खांद्याची कड, कधी शिरस्त्राणाखालची सावली, कधी नुसते पाय.

"दिसला?"

"दिसला."

"कुटं?"

"डावा गुडघा."

कधी कधी माझ्या मनात यायचं, म्हणावं नाही दिसला आणि सुटावं. पण माझ्या नजरेला मी कधी खोटं बोलायला लावलं नाही, आणि त्यालाही ते चाललं नसतं. सबंध दुसरं वर्ष त्या एका शिपायावर गेलं. किती वेळा पुसला असेल. शिशाचं नाक झिजून गेलं.

दुकानात बसणारी माणसं त्याची चेष्टा करायची. आमच्या शेजारचा सायकलवाला म्हणायचा, "हवालदार, ल्हान पोरांचा खेळ खेळताय या वयात. लगीन तरी करा." हवालदार म्हणायचा, "बायकूला दिसायला पायजे ना मी. सवय गेली बघा." सगळे हसायचे. तो हसायचा नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. भिंत खरवडायला हा माणूस तासभर उकिडवा बसायचा. पण त्या फळीपुढं कधी वाकला नाही. कायम उभा, वरून बघायचा. एकदा रीळ खाली पडलं तेव्हा म्हणाला, गुडघा धरलाय, तुमी उचला. मी उचललं. मी तरी कुठं वाकून बघितलं होतं? बोर्ड कुणी आडवा, कडेनं बघत नाही.

मग एक दिवस मी वळलो आणि मला दहावा दिसला नाही. मी डोळे चोळले. चार पावलं पुढं गेलो. भिंत होती, तिच्यावर ओलीचे डाग होते, उडालेला चुना होता. माणूस नव्हता.

"दिसला?"

"न्हाई."

"नीट बघा, पेंटर."

"बघितलं. न्हाई."

त्यानं मला तीन वेळा जायला आणि वळायला लावलं. तिसऱ्या वेळी आला आणि माझा हात धरला. तोपर्यंत त्यानं मला कधी शिवलंही नव्हतं. म्हणाला, "ऐतवारी साताऱ्याला चला. साहेबांम्होरं हुंदे. साहेब म्हनलं की खरं."

साताऱ्याला यष्टीनं गेलो. तो रुमाल तोंडाला लावून डोळे मिटून बसला होता, आणि मला वाटलं काळजीनं. फळी आम्ही दोघांच्या मांडीवर धरली होती. मेजरसाहेबांचा बंगला गावाबाहेर, मागं किल्ल्याचा डोंगर. साहेब उंच, पांढरेशुभ्र, बोलायला गोड. मला 'या, पेंटर' म्हणाले आणि खुर्ची दिली. मी बसलो. हवालदार उभाच. आणखी तीन अधिकारी होते. त्यातले एक कॅप्टन, सगळ्यांत म्हातारे, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून टेबलाच्या टोकाशी, खिडकीसमोर, खुर्ची टाकून बसले होते.

आमची गल्ली साहेबांच्या शहरात मध्यभागी ठेवली. साहेबांनी घड्याळ काढलं. "जंटलमेन, दहा जवान आहेत. दोन मिनिटं. बोट दाखवायचं."

साहेब लोक टेबलाभोवती फिरले. वाकले नाहीत, फिरले. दोन मिनिटं झाली तेव्हा एकही बोट उठलं नव्हतं. मेजरसाहेब हवालदाराच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "शाबास, शेलार. हे वर लिहून पाठवायला पाहिजे." हवालदाराची छाती फुगली ते मला त्याच्या सदऱ्यावरून कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात आक्काचं गाव होतं, तिचं दार होतं.

तेवढ्यात टोकाला बसलेले कॅप्टन म्हणाले, "मला या चष्म्यानं काही दिसत नाही बाबा. जवळून बघू दे." त्यांनी खुर्ची पुढं ओढली, हनुवटी टेबलाला टेकवली आणि गल्लीच्या तोंडातून आत बघितलं. एखादा मुलगा दाराच्या फटीतून बघतो तसं.

"हा एक उभा आहे की."

"कुठे?" मेजरसाहेब म्हणाले.

"हा काय. भिंतीपाशी. काळा दिसतोय, मागं उजेड आहे म्हणून. अगदी स्वच्छ दिसतो."

साहेब वाकले. मग दुसरे वाकले. मग मीही उठून गेलो आणि हनुवटी टेबलाला लावली. तिथून भिंत शिपायाच्या मागं नव्हतीच. भिंत त्याच्या कडेला होती. त्याच्या मागं गल्लीचं दुसरं तोंड, त्यामागं पलीकडच्या खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडात तो दहावा, काजळीनं रेघ ओढावी तसा. दोन वर्षांचे सात रंग, आणि तिथून एकही दिसत नव्हता. नुसता माणूस दिसत होता.

हवालदार वाकला नाही.

मेजरसाहेब म्हणाले, "रंगाचं काम उत्तमच आहे, शेलार. पण हा रंगाचा प्रश्न नाही. समोरून भिंत मागे येते, गल्लीतून बघितलं की येत नाही. इथं उभा केलेला जवान कुठल्याही कपड्यात दिसणार. जागा चुकली."

"कुटं उभा करायला पायजे हुता, साहेब?"

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं शिपाई सरकवला आणि दारात घातला. "इथं. चौकटीच्या आत. एक पाऊल."

"येकच?"

"एकच."

"जी, साहेब."

चहा आला. हवालदारानं उभ्यानं घेतला, कप विसळून ठेवला, सलाम केला. फळी आणि शिपाई तिथंच सोडले. साहेबांनी पुढच्या महिन्यात काय काय रंगवायचं ते सांगितलं आणि त्यानं सगळ्याला जी म्हटलं.

स्टँडवर येईपर्यंत मी खवळलो होतो. म्हणालो, "त्यो चष्मेवाला कॅप्टन, त्याचं काय धरून बसता? फुकट हनुवट्या लावून बघायचं व्हय?"

"त्यांचं बरोबर हाय. गोळी गल्लीतनंच आल्याली."

मी थांबलो. "तुमाला ठावं हुतं?"

"आवाज तिकडनंच आला हुता."

"मग दोन वरसं मला दहा पावलं कशाला चालवलं? पुढनं कशाला बघायला लावलं?"

त्यानं यष्टीच्या पाटीकडं बघितलं. मग म्हणाला, "पेंटर, तुमचं दोन वरीस म्या खाल्लं. माफी करा." आणि थोड्या वेळानं, "उद्या आक्काकडं जायचंय. येता का संगट? एकट्याचं पाय व्हायचं न्हाईत."

माझ्या मनात नाही म्हणायचं होतं. मी गेलो.

आक्काचं गाव विट्याच्या पुढं. तिकडं ऊस नाही, पाणी नाही. खडक, बाभळी आणि मेंढरं. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात सुपात हुलगे पाखडत बसली होती. हवालदारापेक्षा सात-आठ वर्षांनी थोरली असेल. मोठं कपाळ, हातात काचेची एकही बांगडी नाही. आम्हाला बघून सूप थांबलं नाही.

"आक्का."

"कोण हायत संगट?"

"पेंटर हायत. सांगलीचं."

"बसा, पावणं," ती मला म्हणाली. त्याला काही म्हणाली नाही. मी पायरीवर बसलो. तो अंगणात उन्हात उभा राहिला, दोन्ही हात बाजूला सरळ, आणि रपोट द्यावा तसा बोलला.

"आक्का, दत्तूला भितीला म्या उभा केला. म्या म्हनलं, दिसत न्हाईस. पर गल्लीतनं दिसत हुता. कपड्याचा दोष न्हाई. जागा म्या चुकवली. एक पाऊल मागं दार हुतं, तितं उभा केला आसता तर वाचला आसता."

सूप थांबलं.

"दार हुतं?"

"हुतं."

"उघडं?"

"उघडं."

"मंग दारात का न्हाई उभा केलास?"

"दारात मी हुतो."

एवढं मलाही ठाऊक नव्हतं. त्या फळीवर त्यानं दार केलं होतं, उघडं केलं होतं, आत काळोखही रंगवला होता, पण त्या काळोखात कधी शिपाई ठेवला नव्हता.

आक्कानं सुपातला एक खडा वेचला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. मान वर न करता तिनं विचारलं,

"एकाचीच जागा हुती का तितं?"

मला वाटलं आता हो म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. तिनंच वाट करून दिली होती.

"न्हाई, आक्का. दाटून दोघं मावलो आसतो."

ती उठली, सूप कमरेला लावलं आणि आत गेली. दार लोटलं नाही. थोड्या वेळानं सून पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मी प्यायलो. त्यानं घेतलं नाही. मग तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "येतो, आक्का." आतून भांड्याचा आवाज आला.

आम्ही कुंपणापर्यंत गेलो होतो. मागून ती आली. पदर घट्ट ओढलेला. त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पावणं, त्येला खिडकीकडंला बसवा. गाडी लागती त्येला. ल्हानपणी छकड्यातसुदीक ओकायचा."

आणि वळून गेली.

विट्याच्या स्टँडवर तो म्हणाला, सांगलीला येत नाही, आपल्या गावाकडं जातो. त्याची गाडी आधी लागली. मी आत चढलो, खिडकीशी बसलेल्या एका पोराला उठवलं आणि हवालदाराला बसवलं. म्हणालो, "आक्कानं सांगितलंय."

"ऐकलं मी," तो म्हणाला.

त्यानंतर तो सांगलीला आला नाही. खोलीची किल्ली घरमालकाला टपालानं आली. मेजरसाहेबांचं एक कार्ड माझ्याकडं आलं, शेलारचा पत्ता माहीत आहे का म्हणून. मी लिहिणारा माणूस नव्हे, अक्षरं काढणारा. उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी विट्याला त्याला बसवून मी खाली उतरलो आणि फलाटावर उभा राहिलो. इंजिन चालू झालं, पण गाडी हलत नव्हती. खिडकीच्या गजाला त्यानं कपाळ टेकवलं होतं, आणि डोळे उघडे होते. कंडक्टर त्याच्यापाशी आला आणि काहीतरी विचारलं, कुठलं तिकीट म्हणूनच विचारलं असणार. त्यानं मान वर केली नाही. कंडक्टरनं पुन्हा विचारलं, या वेळी खांद्याला हात लावून. तेव्हा त्यानं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं, पण कुठल्या गावाचं नाव घेतलं ते मला खालून ऐकू आलं नाही, आणि गाडी निघाली.